गोळी सुटण्याआधी

महाराष्ट्रात वाघाला गोळी घालण्याची परवानगी एकच अधिकारी देऊ शकतो आणि तो नागपुरात बसतो. राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाचे कार्यालय सिव्हिल लाइन्समधल्या वनभवनात आहे. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, आमदार यांच्यापैकी कोणाच्याही सहीने वाघ मारता येत नाही. गडचिरोलीत माणूस दगावो की यवतमाळमध्ये, गावकरी रस्ता अडवोत की प्रेत उचलू देणार नाही म्हणोत, शेवटी फाइल येते ती याच इमारतीत. आदेशाला आव्हान द्यायचे तर उच्च न्यायालयाचे खंडपीठ नागपुरातच आहे. वाघ मेला तर त्याचे शवविच्छेदनही अनेकदा नागपुरातल्याच गोरेवाडा वन्यजीव बचाव केंद्रात होते. वाघावर गोळी कधी झाडावी, हा प्रश्न देशातल्या फार थोड्या शहरांना नागपूरइतका जवळचा असेल.

कायदा या बाबतीत बऱ्यापैकी स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे अकरावे कलम सांगते की, पहिल्या अनुसूचीतला प्राणी मानवी जीवाला धोकादायक झाला असेल, किंवा बरा होणार नाही इतका जखमी वा आजारी असेल, तरच त्याच्या शिकारीची परवानगी देता येते. तीही लेखी आणि कारणे नोंदवून. कायद्याच्या व्याख्येत जिवंत पकडणे हीसुद्धा शिकारच आहे, त्यामुळे पिंजरा लावायलाही परवानगी लागते. नंतरच्या दुरुस्तीने एक मोठी अट घातली. प्राण्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा दुसरीकडे हलवणे शक्य नाही, अशी मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री झाल्याशिवाय त्याला मारण्याचा आदेश निघू शकत नाही. याच कलमात स्वसंरक्षणाचीही तरतूद आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी सद्‌हेतूने वन्यप्राणी मारला गेला, तर तो गुन्हा ठरत नाही.

मारायचे की नाही, हे असे कागदावर ठरते. पण या क्षणी, या उजेडात, या अंतरावरून, याच जनावरावर बार टाकायचा की नाही, हे कोणताही कागद सांगू शकत नाही. ते बंदूक हातात असलेल्या माणसाने ठरवायचे असते. विदर्भातल्या गेल्या काही वर्षांच्या घटना पाहिल्या की लक्षात येते, चांगली-वाईट गोष्ट घडते ती या दोन निर्णयांमधल्या जागेत.

पांढरकवड्याचे प्रकरण अजून लोकांच्या स्मरणात आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा आणि राळेगाव परिसरात जून २०१६ ते ऑगस्ट २०१८ या काळात तेरा माणसे वाघाच्या हल्ल्यात मेली. संशय टी-१ या वाघिणीवर होता. वन्यजीवप्रेमींनी तिला अवनी हे नाव दिले होते. जवळच टिपेश्वरचे अभयारण्य असले तरी ही वाघीण राहत होती ती अभयारण्याबाहेरच्या तुकड्या-तुकड्यांच्या रानात. मध्ये कपाशी, तूर, नाले, घाणेरीची झुडपे, गुरांच्या वाटा आणि गावे. मेलेले लोक शेतकरी होते, गुराखी होते, सरपणाला किंवा कापूस वेचायला गेलेले होते. त्या दोन वर्षांत तिथल्या लोकांनी शेतात एकट्याने जाणे सोडले होते. संध्याकाळच्या आत घरी परतायचे आणि रात्रीची जागल बंद, म्हणजे उरलेले पीक रानडुकरांच्या हवाली. वाघिणीसाठी दुःख करणाऱ्या शहरी माणसाने हे चित्र आधी डोळ्यांपुढे आणले पाहिजे. तेरा घरांतला माणूस गेला होता आणि शेजारच्या गावांची झोप उडाली होती.

सप्टेंबर २०१८ मध्ये आदेश निघाला. त्याचा क्रम नीट वाचण्यासारखा होता: दहा महिन्यांच्या आसपास असलेले दोन बछडे आणि वाघीण यांना आधी बेशुद्ध करून पकडावे, ते जमले नाही तर आणखी मनुष्यहानी टाळण्यासाठी वाघिणीला गोळी घालावी. नागपूर खंडपीठाने आदेशात हस्तक्षेप केला नाही. ११ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयानेही नकार दिला. त्यानंतर सुरू झालेली मोहीम जगभर गाजली. मध्य प्रदेशातून हत्ती आले, ड्रोन आले, पॅराग्लायडर आला, एका नामवंत गोल्फपटूचे केन कोर्सो जातीचे कुत्रे आले, कॅमेरा ट्रॅपसमोर वाघीण रेंगाळावी म्हणून परदेशी अत्तर शिंपडले गेले. ताडोब्याहून आणलेला हत्ती साखळी तोडून पळाला आणि त्याने एका स्त्रीचा बळी घेतला. वाघिणीपासून गावाला वाचवायला आलेल्या मोहिमेने गावातलाच एक जीव घेतला, ही गोष्ट पुढच्या गदारोळात मागे पडली. ती तशी मागे पडायला नको होती.

२ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री अकराच्या सुमारास बोराटीजवळ वाघीण रस्त्यावर दिसली. उघड्या जीपमध्ये असगरअली खान होते. मोहिमेसाठी बोलावलेले हैदराबादचे नेमबाज शफतअली खान यांचे ते चिरंजीव. पथकाचे म्हणणे असे की वनकर्मचाऱ्याने वाघिणीला बेशुद्धीचा डार्ट मारला, ती उलटून अंगावर आली आणि आठ-दहा मीटरवरून असगरअलींनी स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली. वाघीण जागीच मेली. गावात फटाके वाजले, पेढे वाटले गेले. दुसऱ्या दिवशी गोरेवाड्यात शवविच्छेदन झाले आणि प्रश्न सुरू झाले.

डार्ट तिच्या डाव्या मांडीत आढळला होता. गोळी डाव्या खांद्याच्या बाजूने शिरली होती. म्हणजे गोळी लागली तेव्हा तिचे तोंड जीपकडे नसावे, असा अर्थ अनेक जाणकारांनी काढला. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने नेमलेल्या समितीने आणखी पुढे जाऊन काही गोष्टी नोंदवल्या. अधिकारपत्र शफतअलींच्या नावे होते, असगरअलींच्या नव्हे. गाडीत पशुवैद्यक नव्हता. डार्टमधले औषध दोन दिवसांहून अधिक काळ आधी भरून ठेवलेले होते, तर ते एका दिवसाच्या आत वापरायला हवे असते. आणि तो डार्ट बंदुकीतून सुटलेलाच नसावा, अशीही शंका समितीने व्यक्त केली. खान पितापुत्रांनी हे आरोप नाकारले. पुढे सर्वोच्च न्यायालयात अवमान याचिका दाखल झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती मागे घेण्याची परवानगी देऊन न्यायालयाने विषय संपवला. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण मिटले आहे.

नैतिकतेच्या दृष्टीने ते मिटलेले नाही. वादासाठी पथकाचे म्हणणे अक्षरशः खरे धरू. वाघीण खरोखर अंगावर आली आणि गोळी खरोखर जीव वाचवण्यासाठीच सुटली. तरीही प्रश्न उरतो की त्या क्षणापर्यंत माणसे पोहोचली कशी? गाडी उघडी होती, वेळ रात्रीची, अंतर एका उडीचे. सोबत डॉक्टर नव्हता. अशा तयारीने दोन पिल्लांच्या आईजवळ गेल्यावर तिने चाल केली, तर गोळीशिवाय दुसरा मार्ग राहत नाही, हे खरे. पण तो मार्ग त्या सेकंदाला बंद झाला नव्हता. गाडी कॅम्पवरून निघाली तेव्हाच तो बंद झाला होता. स्वसंरक्षणाची वेळ ज्याने स्वतःहून ओढवून घेतली, त्याला शेवटच्या सेकंदापुरता नव्हे, सबंध रात्रीचा हिशेब द्यावा लागतो.

जुन्या शिकाऱ्यांना हे माहीत होते. शिकार चांगली की वाईट हा वाद बाजूला ठेवला, तरी त्यांच्याकडे बार कधी टाकायचा आणि कधी बंदूक खाली घ्यायची, याचे नियम होते आणि ते शरीरशास्त्रावर उभे होते. वाघ आडवा उभा असेल तर खांद्यामागे हृदय आणि फुप्फुसे सापडतात. तिथे लागलेली गोळी त्याला फार वेळ जगू देत नाही. खांद्याचे हाड मोडले तर तो जागीच बसतो. समोरून डोक्यावर नेम धरणे चित्रपटात शोभून दिसते, पण वाघाच्या कवटीत मेंदू लहान आणि कपाळ उतरते असते. गोळी घसरून जाण्याची भीती मोठी. पाठमोऱ्या जनावरावर झाडलेली गोळी पोटातून जाते आणि मरण तासन्‌तास लांबवते. पळत्या सावजावर, दाट गवतात अर्धवट दिसणाऱ्या अंगावर, अंधारात चमकणाऱ्या नुसत्या डोळ्यांवर बार टाकायचा नाही, असे जबाबदार शिकारी मानत. समोर कोणते जनावर आहे याची खात्री आधी, नेम नंतर. जनावराच्या मागे काय आहे तेही पाहायचे, कारण रायफलची गोळी जनावरात थांबतेच असे नाही. पलीकडच्या शेतात मचाणावर झोपलेला माणूसही तिच्या वाटेत असू शकतो.

आणि सर्वांत कडक नियम म्हणजे जखमी केलेले जनावर सोडून परतायचे नाही. रक्ताचा माग काढत जायचे आणि काम पुरे करायचे. यात भूतदया होती तसाच व्यवहारही होता. जखमी वाघ दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी वाटेत बसणार हे ठरलेले. मध्य प्रांताच्या जंगलांत परवाने आणि ‘शूटिंग ब्लॉक’ यांची पद्धत होती. त्या काळच्या साहेबांनी आणि संस्थानिकांनी हा नियम अभिमानाने सांगितला. मात्र झुडपात शिरून जखमी वाघ उठवण्याची वेळ आली की पुढे अनेकदा हाकारे असत. रोजंदारीवर आलेले गोंड, कोरकू, ढीवर असे. चुकलेल्या नेमाची किंमत साहेबाने कमी आणि त्यांनी जास्त मोजली. शिकारीच्या सोनेरी आठवणी वाचताना एवढे विसरता कामा नये.

चुकलेली गोळी किती दूरवर जाते, याचे उदाहरण जिम कॉर्बेटने नोंदवून ठेवले आहे. कुमाऊँमधल्या चंपावतच्या वाघिणीच्या नावावर ४३६ बळी होते. १९०७ मध्ये कॉर्बेटने तिला मारले. तेव्हा तिच्या उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे असे दोन्ही सुळे मोडलेले आढळले. ती जुनी जखम बंदुकीच्या गोळीची होती. नैसर्गिक भक्ष्य धरता येईना म्हणून ती माणसांकडे वळली, असे कॉर्बेटचे मत होते. कोणी तरी, कुठे तरी, कधी तरी एक अर्धवट बार टाकला आणि निघून गेला. त्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही.

कॉर्बेटही चुकला. चौगढच्या दोन वाघांपैकी आधी त्याने मारले ते मोठे झालेले पिल्लू. आईला मारले, असे समजून. खरी नरभक्षक त्यानंतरही माणसे मारत राहिली आणि १९३० मध्ये त्याच्या हाती लागली. इतका निष्णात शिकारी, दोन जनावरे एकत्र चालताना पाहून, ओळख चुकू शकतो. पांढरकवड्याच्या रानात तर टी-१ सोबत टी-२ हा नरही वावरत होता. कोणता बळी कोणाचा, हे ठरवायला पंजांचे ठसे, कॅमेरा ट्रॅपची छायाचित्रे आणि जखमेवरच्या लाळेची डीएनए तपासणी लागते. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, म्हणून छायाचित्र हा भक्कम पुरावा ठरतो. रात्री हेडलाइटच्या झोतात मात्र पट्टे ताडून पाहायला कोणाला सवड नसते.

कॉर्बेटचीच आणखी एक कथा या विषयाच्या मुळाशी जाते. मोहानच्या नरभक्षकाला त्याने झोपेत गोळी घातली. त्या काळच्या शिकारी मंडळींत हा कमीपणा समजला जाई, सावजाला संधी द्यायला हवी अशी त्यांची समजूत. कॉर्बेटने या आक्षेपाचा विचार केला आणि आपली बाजू मांडली. ती पटण्यासारखी आहे. नरभक्षक मारणे हा खेळ नाही. ज्या जनावराला मारायचेच आहे, त्याला एका गोळीत, बेसावध असताना, वेदनेशिवाय मारणे यात अधिक दया आहे आणि पुढच्या माणसाची सुरक्षितताही. खेळाची नीती आणि गरजेची नीती या वेगळ्या गोष्टी आहेत. विदर्भात आज जे आदेश निघतात ते सगळे गरजेचे आहेत, म्हणून त्यांत मर्दुमकीला जागा नसावी. व्याघ्र प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांत वाघ मारण्यासाठी बक्षीस जाहीर करू नये असे म्हटले आहे, ते याचसाठी.

ही नीती फक्त साहेबांनी आणली, असेही नाही. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या भटक्या शिकारी जमातींचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना एक वाटणी दिसली. नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने रानडुकरासारखी जनावरे धरत, वैदू मुंगूस-उदमांजरासारखे लहान मांसभक्षक पकडत आणि फासेपारधी काळवीट व पक्ष्यांसाठी फासे लावत. एकाच माळरानावर राहून कोणी कोणाच्या सावजावर पडत नसे. फासेपारध्यांत आणखी एक रीत होती, ती म्हणजे फाशात गाभण मादी किंवा पाडस सापडले तर ते सोडून देणे. ज्यांना इंग्रजी कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवले, त्यांच्याकडे हा नियम होता. फाशाचा हा एक गुण बंदुकीत नाही. फाशात अडकलेले जनावर जवळून पाहून मग ठरवता येते. गोळी सुटल्यावर ठरवायला काही उरत नाही.

त्या अर्थाने आजचा डार्ट हा फाशाच्या जवळचा आहे. मात्र डार्टबद्दल लोकांच्या मनात बरेच गैरसमज आहेत. सुई टोचली की वाघ कोसळला, असे होत नाही. झायलाझिन आणि केटामाइन या औषधांचे मिश्रण स्नायूत गेल्यावर जनावर लोळायला काही मिनिटे लागतात, कधी दहा-पंधरासुद्धा. तेवढ्या वेळात घाबरलेला वाघ कुठेही जाऊ शकतो. डार्टचा वेग कमी असल्याने अंतर वीस-तीस मीटरच्या आत लागते आणि मध्ये गवताची काडी आली तरी तो वाट बदलतो. नेम मांडीच्या किंवा खांद्याच्या जाड स्नायूवर. पोटावर वा डोक्यावर लागला तर तोही मारक ठरू शकतो. शेजारी तळे किंवा विहीर असेल तर बेशुद्ध वाघ बुडेल, भर उन्हाळ्याच्या दुपारी असेल तर त्याच्या शरीराचे तापमान वाढेल. अंधारात तर तो कुठे पडला हेच कळायचे नाही. औषधाचे प्रमाण वजनाच्या अंदाजावर ठरते. म्हणून पशुवैद्यक गाडीत हवा, आणि त्याच्या शब्दाला नेमबाजाच्या शब्दापेक्षा जास्त वजन हवे.

हे सगळे जमते, याचा पुरावाही विदर्भातच आहे. राजुऱ्याच्या परिसरात किमान आठ माणसांचा जीव घेणारा आरटी-१ हा वाघ ऑक्टोबर २०२० मध्ये जिवंत पकडला गेला. दोन वर्षांनी सीटी-१ नावाच्या नराने वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी या पट्ट्यात तेरा माणसे मारली. आकडा पांढरकवड्याचाच. लोकांचा रागही तितकाच होता. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी वडसा वनक्षेत्रात त्याला बेशुद्ध करून पकडले आणि गोरेवाड्याला आणले. या मोहिमांची बातमी जगभर गेली नाही. काही आठवडे माग काढणारे वनरक्षक, मचाणावर तासन्‌तास बसणारे डॉक्टर आणि नेमबाज, हातातोंडाशी आलेली संधी अनेकदा सोडून देणारी माणसे, यांत बातमीसारखे काही नसते. पण नैतिक निर्णय दिसायचा असेल तर तो या सोडून दिलेल्या संधींमध्ये दिसतो. जनावर दिसले, अंतरही बरे होते, पण कोन बरोबर नव्हता किंवा उजेड जात होता, म्हणून डार्ट मारला नाही, असे ज्या पथकाला वरिष्ठांची भीती न बाळगता सांगता येते, त्याच पथकाच्या हाती बंदूक द्यावी.

जिवंत पकडणे हेही रामबाण नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०१७ मध्ये ब्रह्मपुरीत माणसांवर हल्ले करणाऱ्या एका तरुण वाघिणीला पकडून, रेडिओ कॉलर लावून जुलैअखेर वर्धा जिल्ह्यातल्या बोर प्रकल्पात सोडले. ती तिथे थांबली नाही. अडीच महिन्यांत शेकडो किलोमीटर भटकली आणि पुन्हा माणसे मारली. तिला गोळी घालण्याचा आदेश निघाला, तो न्यायालयातही टिकला. १४ ऑक्टोबरला ती मेली, पण नेमबाजाच्या गोळीने नाही. रानडुकरांसाठी शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या तारेने तिचा जीव घेतला. तिच्या हल्ल्यात गेलेल्या माणसांच्या नातलगांना, वाघिणीला एकदा सोडून का दिले होते, असे विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. गोळी टाळणे हे दर वेळी अधिक नैतिक असते, असे म्हणणाऱ्यांनी या वाघिणीचा मार्ग नकाशावर पाहावा. अवनीची मादी बछडी डिसेंबर २०१८ मध्ये पकडून पेंचच्या बंदिस्त कुंपणात वाढवली गेली. मार्च २०२१ मध्ये मोकळ्या जंगलात सोडल्यावर काही दिवसांतच दुसऱ्या वाघिणीशी झालेल्या झुंजीनंतर ती मेली.

ती विजेची तार आपल्याला वाघांकडून रानडुकरांकडे नेते, आणि इथे नीतीची चर्चा जवळजवळ होतच नाही. विदर्भातल्या शेतकऱ्याचा रोजचा शत्रू वाघ नसून रानडुक्कर आणि रोही आहे. हरभरा, तूर, भुईमूग एका रात्रीत उकरला जातो. २०१५ मध्ये राज्य सरकारने या दोन प्राण्यांबाबत शेतकऱ्यांच्या तक्रारीवरून वनाधिकाऱ्यांना परवाने देण्याची सोय केली. २०१६ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात ५३ रानडुकरे मारली गेली, तेव्हा तत्कालीन केंद्रीय मंत्री मनेका गांधी आणि पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांच्यात जाहीर खडाजंगी झाली. वाद झाला तो मारावे की नाही यावर. कसे मारले, किती जनावरे जखमी होऊन नाल्यात जाऊन मेली, पिल्लांसोबतच्या माद्या वगळल्या का, माग कोणी काढला, हे कोणी विचारले नाही. भरमार बंदुकीचा किंवा छऱ्यांच्या काडतुसाचा बार कळपावर टाकला तर एखादे जनावर पडते आणि दोन-तीन घायाळ होऊन पळतात. वाघाला एका गोळीची दया आणि डुकराला छऱ्यांचा पाऊस, असा भेद कायद्यात असेल. वेदनेत तो नाही.

शेतकऱ्याला नीतीचे धडे देणे सोपे आहे, पण त्याच्या बांधावर रात्र काढणे कठीण. म्हणून त्याच्यावर ही जबाबदारी ढकलू नये. पिकाची भरपाई वेळेत मिळाली, सौरकुंपणाचे अनुदान खरोखर हाती पडले आणि मारायचेच असेल तर प्रशिक्षित माणूस आणि योग्य रायफल वन खात्याने पुरवली, तर विजेची तार कमी होईल. ती तार काही ओळखत नाही. वाघ, डुक्कर, बैल, शेजारचा पोरगा, सगळे तिला सारखेच.

वाघांची संख्या वाढली आहे, हे या सगळ्यामागचे मोठे वास्तव. २०१४ च्या गणनेत महाराष्ट्रात १९० वाघ होते, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४. त्यांतले बहुसंख्य विदर्भात आहेत आणि अनेक व्याघ्र प्रकल्पांच्या सीमेबाहेर, शेतांच्या मधल्या रानात राहतात. मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करायला पहाटे बाहेर पडणारी माणसेही त्याच रानात जातात. म्हणजे गोळीचे आदेश पुढेही निघणार. बिबट्याच्या बाबतीत ते पश्चिम महाराष्ट्रातही निघू लागले आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पिंपरखेड भागात तीन बळी घेतलेल्या बिबट्याला रात्रीच्या वेळी गोळी घातली गेली. तिथेही आधी डार्ट चुकला आणि मग गोळी झाडली गेली. ज्या गावाने तीन आठवड्यांत दोन लेकरे आणि एक म्हातारी गमावली, तिथे थांबा म्हणणे सोपे नव्हते. पण रात्र, चुकलेला डार्ट आणि अंगावर येणारे जनावर हा क्रम पांढरकवड्यानंतर पुन्हा दिसतो, तेव्हा तो योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. हा क्रम कार्यपद्धतीतच आहे आणि तो तिथेच बदलावा लागेल.

त्यासाठी फार मोठ्या सुधारणा नकोत. वनभवनातून निघणाऱ्या आदेशात जनावराची ओळख कोणत्या पुराव्यावर ठरली ते लिहावे, सोबत पट्ट्यांचे छायाचित्र जोडावे. बंदूक कोण चालवणार आणि पशुवैद्यक कोण, हे नावानिशी लिहावे, आणि त्या दोघांशिवाय गाडी हलणार नाही अशी अट घालावी. कोणत्या वेळी, किती अंतराच्या आत आणि कोणत्या स्थितीत गोळी किंवा डार्ट चालवायचा नाही, तेही त्याच कागदावर यावे. मोहिमेचे चित्रीकरण व्हावे आणि सोडून दिलेल्या संधींची नोंद ठेवावी, म्हणजे पथकावर राजकीय दबाव आला तर दाखवायला काही असेल. विभागाने बाहेरच्या परवानाधारक नेमबाजांवर विसंबण्याऐवजी स्वतःची माणसे तयार करावीत. वडसा आणि राजुऱ्याने ती क्षमता आपल्याकडे आहे हे दाखवून दिले आहे. आणि हा आदेश मराठीत, साध्या भाषेत, त्या परिसरातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. वाघाच्या वाटेवर सरपणाला जाणाऱ्या बाईला तो वाचण्याचा पहिला हक्क आहे.